पन्नास रेषा

आम्ही दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला भूगोल घेतला होता. त्यामुळे समोच्च रेषा फळ्यावर किती वेळा काढल्या याची गणती नाही. मात्र त्या रेषांच्या भरवशावर डोंगर चढायचा प्रसंग गेल्या मे महिन्यापर्यंत आला नव्हता.

सुट्टीत आपाकडे ग्लासगोला गेलो होतो. आमचा भाचा पंधरा वर्षांचा. तो म्हणाला, "मामू, डोंगर चढू या. पण बेन लोमंड नको, तिथं जत्रा असते." त्यानं नकाशा जमिनीवर पसरला आणि लॉख आर्कलेट या तळ्याच्या उत्तरेला बोट ठेवलं. उंची ६५५ मीटर. नाव लिहिताना 'स्टॉब अन फायन्ने' असं काहीसं दिसतं, पण गेलिकमध्ये तिथला 'फ' उच्चारतच नाहीत, म्हणायचं 'आन्य'. अर्थ, अंगठीचं शिखर. आपल्या 'ख़्वाब'मधला वाव नाही का, लिहायचा आणि गिळायचा? या एका गोष्टीनं तो डोंगर आम्हाला ओळखीचा वाटला.

आपानं चहा ओतता ओतता विचारलं, "वाट कुठाय?"

वाट नव्हती. रस्त्यापासून माथ्यापर्यंत नकाशावर एकही तुटक रेघ नाही. २००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जबाबदारीनं वागून माळरानावरून कुणालाही चालता येतं, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. पण आपाचा प्रश्न तो नव्हता. हा तिचा एकुलता एक.

तिला जे माहीत नव्हतं ते आम्हाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल एका गडावर नेली होती. पायऱ्या होत्या, कठडे होते, ताकवाल्या बाया होत्या. खालूनच ढग दिसत होता, पण बसचे पैसे भरलेले, मुलं उतावीळ, म्हणून चढवलं. वर धुकं आलं आणि मोजदाद केली तर दोन मुलं कमी. चाळीस मिनिटांनी सापडली, टाक्याच्या आडोशाला काकडी खात बसलेली. कुणी आम्हाला बोललं नाही. आम्ही मात्र अजून वर्गातसुद्धा डोकी मोजतो.

म्हणून पाठ टाचण काढावं तसे वही घेऊन बसलो. तळ्याकाठचा रस्ता साधारण दीडशे मीटरवर. दर दहा मीटरला एक रेषा, म्हणजे पन्नास रेषा ओलांडायच्या. काळ्या बारीक खुणा म्हणजे खडक, त्यांना वळसा. रेषा जिथं विरळ तिथं चढ कमी. भाच्यानं शिकवलं की अशा जागी दलदलही असते. हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये हिशेब घालून दिला आहे : तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमचे जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, चढ साडेसोळाशे फूट. भाच्यानं तोंडी उत्तर दिलं, "एक तास पन्नास मिनिटं." आम्ही वहीत पाच तास लिहिले. तो हसला. हसू दे. नेस्मिथला ओल्या गवतातून आमचे गुडघे न्यायचे नव्हते.

उजेडाची चिंता नव्हती, मे महिन्यात तिथं रात्री नऊपर्यंत दिसतं. भीती ढगाची. ढगात शिरलो तर होकायंत्र धरून आग्नेयेला उतरायचं. तळं आणि रस्ता आडवे येतातच. जोहरची नमाज वरच पढायची ठरली, आणि तिथून किब्लाही आग्नेयेकडेच. आयुष्यभर समुद्राकडे, पश्चिमेला तोंड करून उभे राहिलेले आम्ही. हे पचायला वेळ लागला.

आपासाठी चिठ्ठी लिहिली : गाडी कुठं लावणार, कोणत्या बाजूनं चढणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. तिनं ती फ्रिजवर लावली आणि दिवसभर तिकडं पाहायचं टाळलं.

शुक्रवारी संध्याकाळी डोंगराळ भागाचा हवामान अंदाज पाहिला. उद्या ढग चारशे मीटरपर्यंत खाली. म्हणजे वरच्या पंचवीस रेषा गायब. शेजाऱ्याची गाडी मागून आणलेली, परोठे लाटून झालेले. भाचा म्हणाला, "होकायंत्र आहे ना? उतरायची दिशा तर ठरलीय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही काकडी आठवली असावी.

"उद्या नाही," आम्ही म्हणालो. "सोमवारी बघू."

तो धाडकन दार लावून खोलीत गेला. आपा काही बोलली नाही. तिनं फ्रिजवरची चिठ्ठी काढली, 'शनिवार' खोडून बारीक अक्षरात 'पीर' लिहिलं आणि परत लावली. शनिवारी दुपारी चौघांनी परोठे स्वयंपाकघरात, नकाशा बाजूला सारून खाल्ले. भाचा तिसरा परोठा घेताना म्हणाला, "सोमवारी पण ढग असला तर?"

"तर मंगळवार," आपा म्हणाली, आणि त्याच्या ताटात लोणचं वाढलं.