शेतीशाळेत विमा मागाहून

चि. सायली,


शेतीशाळेतलं जोखमीचं सत्र पीकविम्यापासून सुरू करणार, असं लिहिलंस. विमा मागाहून घे. औशाकडचा माणूस सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी पेरतो. एक गेलं तर दुसरं हाती लागेल, एवढी अक्कल त्याला आहे. तिथून बोलायला लाग. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघायला लाव. सत्तरपेक्षा कमी उगवले, तर एकरी बियाणं वाढवायचं. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाशिवाय पेरू नये, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेजाऱ्याची तिफण निघाली की पाठांतर संपतं!

विम्यासाठी मात्र वेगळं अख्खं सत्र ठेव आणि फळ्यावर गणित मांड. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची महसूल मंडळाची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल धर. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे उंबरठा उत्पादन साडेदहा. यंदा मंडळाचं उत्पादन ९ भरलं, तर तूट दीड क्विंटलची. भरपाई विमा संरक्षित रकमेच्या साधारण १४ टक्के. एखाद्याच्या रानात दाणाही पिकला नसला, तरी या हिशेबात त्याला तेवढंच. आणि मंडळाचं ११ भरलं, तर काहीच नाही. हे आधी सांगायला आपली माणसं कचरतात, कारण मग विमा कोण भरेल? २०२३ ला एक रुपयात विमा आला तेव्हा कुणी विचारलंही नाही. २०२५ पासून खरिपाच्या सोयाबीनला दोन टक्के हप्ता खिशातून जातो, आता विचारतील. खरं सांग. हे कळूनही जो भरेल, तो पुढच्या वर्षी तुला शिव्या देणार नाही.

पडलेला भाव या विम्यात येत नाही. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवस, ६ टक्के व्याज. भाव चढेलच, असं मात्र बोलू नकोस. दिवाळीच्या तोंडावर पडेल भावात विकणं टळतं, इतकंच.

दोन्ही सत्रं मे महिन्यात घे, जूनमध्ये कुणी थांबणार नाही. बायांनाही आवर्जून बोलाव. कुणाची किती उसनवारी फेडायची आहे, ते बहुतेक घरांत त्यांनाच ठाऊक असतं.

तुझा,
काका