पळपुट्याचा खरेपणा

थॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या शालेय कादंबरीतला दांडगट फ्लॅशमन जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर यांनी १९६९मध्ये आपल्या कादंबरीमालिकेसाठी उचलला आणि त्याला प्रतिनायक, म्हणजे नायकाच्या जागी बसलेला पण नायकाचे गुण अंगी नसलेला माणूस, केले. पहिल्या अफगाण युद्धात शरण जाण्यासाठी तो निशाण हाती घेतो, बेशुद्ध पडतो, आणि सोडवायला आलेल्या फौजेला तो त्याच निशाणासाठी झुंजलेला वीर वाटतो. जगाला आयुष्यभर थापा मारणारा हा भित्रा म्हातारपणीच्या आठवणींत मात्र काहीच लपवत नाही, आणि वाचक भाळतो तो बहुधा या निर्लज्ज खरेपणावरच. ब्रिटिश सेनापतींचा नाकर्तेपणाही सज्जन निवेदकाच्या तोंडून इतका झोंबला नसता. अर्थात, १८५७च्या उठावावरील भागात झाशीची राणीही त्याच्या लंपट नजरेतून सुटत नाही, तेव्हा मराठी वाचकाला हसणे जड जाते.