कॉफीचे निमित्त

आमच्या घरात चहा हा दिनक्रम होता आणि कॉफी हा प्रसंग. चहा दिवसातून चार वेळा होई आणि त्याची कोणी दखल घेत नसे. कॉफी मात्र पाहुणे आले म्हणजे, कोणी आजारातून उठले म्हणजे, परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा गणपतीतल्या जागरणाला होत असे. वडील दादरला नोकरीला होते. पगाराच्या दिवशी ते जलद लोकल सोडून धीमी पकडत, माटुंगा रोडला उतरत आणि पूर्वेकडच्या एखाद्या दक्षिणी दुकानातून ताजी दळलेली पाव किलो कॉफी घेत. 'चिकोरी किती?' हा दुकानदाराचा प्रश्न आणि 'वीस टक्के' हे वडिलांचे उत्तर, दोन्ही मला लहानपणापासून पाठ आहेत. त्या कागदी पिशवीचा वास भाईंदरपर्यंतच्या गर्दीतही लपत नसे.

घरी आल्यावर त्या कॉफीचे जे होई, ते पाहून दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आले असते. आई ती सरळ दुधात उकळी. त्यात सढळ हाताने साखर, वेलदोड्याची पूड आणि वरून किसलेले जायफळ. मग सारे फडक्यातून गाळून घ्यायचे. शेजारी एक तमिळ कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे पितळेचा दुमजली फिल्टर होता, त्यातून थेंब थेंब डिकॉक्शन उतरे. त्या घरच्या मामींनी आमची कॉफी एकदाच घेतली आणि अत्यंत सौजन्याने, 'ही खीर छान झाली आहे,' असे सांगितले. जायफळाने झोप येते असे आपण म्हणतो आणि कॉफीने ती उडते. ही दोन्ही एकाच पातेल्यात घालणाऱ्या आपल्या समाजाला नेमके काय साधायचे होते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. तरीही माझ्यासाठी कॉफी म्हणजे हीच. लग्नानंतर पत्नीने ती आईकडून जशीच्या तशी उचलली.

2011 साली भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांच्या ज्या कारखान्यात मी हिशेब लिहीत होतो, तो बंद पडला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी मिळणे कठीण होते. ओळखीतून मस्कतला एका गोदामात लेखनिकाची जागा मिळाली आणि मी गेलो. मुलीचे शिक्षण आणि घराचे हप्ते यांमुळे पत्नी इथेच राहिली.

मस्कतमध्ये माझी खोली रुवी भागात होती. पहिल्याच आठवड्यात माझा कॉफीचा शोध सुरू झाला. कोपऱ्यावरच्या मल्याळी चहावाल्याने डब्यातल्या दुधात चमचाभर इन्स्टंट पूड ढवळून दिली. मॉलमधल्या यंत्राने इटालियन पद्धतीची कडू, काळी कॉफी दिली, तिची किंमत माझ्या दुपारच्या जेवणाहून अधिक होती. एका दक्षिणी उपाहारगृहात मात्र फेसाळलेली फिल्टर कॉफी मिळाली. ती उत्तम होती, आणि मला हवी ती नव्हती. शुक्रवारच्या सुट्टीत मी मत्रहच्या बाजारापर्यंत पायपीट करी आणि संध्याकाळी निराश होऊन परते.

रोज रात्री साडेआठला, म्हणजे भाईंदरच्या दहा वाजता, मी घरी फोन करी. 'अहो, जेवलात का?' हा पत्नीचा पहिला प्रश्न ठरलेला असे. जेवणाचे उत्तर एका शब्दात आटोपून मी कॉफीवर येई. आजची कशी पाणीदार होती, कालची कशी जळकी होती, हे सविस्तर सांगे. ती शांतपणे ऐकून घेई. एकटे वाटते असे म्हणण्याची आमच्या पिढीतील पुरुषांना सवय नाही. कॉफी वाईट आहे, असे मात्र आम्हांला कितीही वेळा म्हणता येते.

दुसऱ्या वर्षी भाईंदरचे एक शेजारी मस्कतला येणार होते. पत्नीने त्यांच्याबरोबर माटुंग्याची कॉफी पाठवली. जायफळाची पुडीही बांधली होती, पण आखातातील काही देशांत जायफळ नेऊ देत नाहीत हे ऐकून असल्यामुळे त्यांनी ती घेतली नाही. मी खोलीत त्या कॉफीची पिशवी उघडली, वास घेतला आणि डब्यातल्या दुधात ती उकळली. जायफळ नाही, दूध वेगळे, पातेले वेगळे. अर्धा कप मोरीत ओतून दिला.

गोदामाच्या दाराशी एक वृद्ध ओमानी पहारेकरी बसत. त्यांच्याजवळ लांब चोचीचे पितळी भांडे असे. एका शुक्रवारी मी कामासाठी गेलो असता त्यांनी मला खुणेने बसवले, खजूर पुढे केले आणि कान नसलेल्या इवल्याशा कपात फिकट सोनेरी कहवा ओतला. दूध नाही, साखर नाही. घोट घेतला आणि वेलदोड्याचा वास नाकात भरला. तो आमच्या घरातलाच वास होता. मी कप रिकामा केला, त्यांनी भरला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. पाच कप झाल्यावर एका सहकाऱ्याने हसत सांगितले की, पुरे झाले असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो. तोवर मी ते भांडे जवळजवळ संपवले होते.

कॉफीच्या सात बिया येमेनमधून आणून बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. येमेन हा ओमानला लागूनच. आमच्या कॉफीचे आजोळ शेजारी असताना मी वर्षभर मॉलमध्ये तिचा पत्ता विचारत हिंडत होतो. पुढे दर शुक्रवारी मी त्या दारापाशी जाऊ लागलो. आम्हां दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. फोनवरचे माझे कॉफीपुराणही हळूहळू कमी झाले.

2015 मध्ये मी परत आलो. त्याच वर्षाअखेरीस युनेस्कोने अरबी कॉफीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्याचे वर्तमानपत्रात वाचून मला त्या पितळी भांड्याची आठवण झाली.

घरी पोहोचलो त्या दुपारी मी फडताळातला कॉफीचा डबा उघडला. आतली पूड दगडासारखी घट्ट झाली होती.

'हे काय?' मी विचारले.

'तुम्ही गेल्यावर केलीच नाही कधी,' पत्नी म्हणाली. 'मुलगी चहा पिते. एकटीसाठी कोण दूध आटवत बसणार?'

चार वर्षे मी तिला माझ्या कॉफीची हकिगत सांगत होतो. तिच्या कॉफीचे काय झाले, हे मी एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी धीम्या लोकलने माटुंगा रोडला गेलो. संध्याकाळी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बसवले आणि दूध मीच तापत ठेवले. किसणी सापडेना, तेव्हा जायफळ सहाणेवर उगाळले. तिने कप दोन्ही हातांत धरून पहिला घोट घेतला.

'जायफळ जास्त झाले,' ती म्हणाली.

खरोखरच झाले होते.