दातेरी पट्टी

जुना लाकडी टेलिफोन दुरुस्तीला आला की मी आधी त्याच्या पेटीचा माथा बघतो. तिथे पितळेच्या तीन लहान पट्ट्या असायला हव्यात. कडेच्या दोन पट्ट्यांना बाहेरून आलेल्या लाईनच्या दोन तारा, आणि मधल्या पट्टीला जमिनीत उतरलेली तार. पट्ट्यांच्या एकमेकींकडे तोंड केलेल्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात, आणि दातांमध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी फट. बहुतेक फोनांवर यातलं काहीच उरलेलं नसतं. लाकडाला पॉलिश असतं, घंटा चकचकीत असतात, हँडल छान फिरतं, आणि माथ्यावरची स्क्रूंची भोकं लांबीने बुजवलेली असतात. ती बुजवलेली भोकं बघून मला वाईट वाटतं. पट्टी काय कामाची हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सुतार पहिल्यांदा तिलाच उचकटतो.

माझी खोली बडोद्यातल्या खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजूला आहे. पुढच्या अंगाला महापालिकेची कचेरी, मागे फुलं आणि भाजी. सयाजीराव महाराजांनी ही वास्तू १९०६ साली उभारून नगरपालिकेला दिली आणि तिला नाव दिलं खंडेराव महाराजांचं. त्यांच्याच पत्नी जमनाबाईसाहेबांनी सयाजीरावांना दत्तक घेतलं होतं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांतून माझ्याकडे फोन येतात. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या पणजोबांच्या कचेरीतला. घर विकायला काढलं, माळा रिकामा केला, की एखादी पेटी सापडते.

मार्केटचे घुमट बघून लोक म्हणतात, वीज पडली तर इथेच पडेल. उंचावर पडणाऱ्या विजेचा बंदोबस्त फ्रँकलिनच्या काळापासून ठाऊक आहे: वर सळी, खाली जमीन, मध्ये जाड तार. टेलिफोनवाल्याची काळजी वेगळी असते. त्याची तार वाऱ्यापावसात मैलोन् मैल उघडी पसरलेली. मी टेलिफोनच्या नोकरीला लागलो तेव्हा डभोई आणि पादऱ्याच्या बाजूला लोखंडी खांबांवरच्या उघड्या तारांच्या लाईनी होत्या. वीज त्या तारेवर पडायचीही गरज नसते. दूर एखाद्या शेतातल्या झाडावर ती कोसळली तरी तारेत एक लाट उठते आणि दोन्ही बाजूंना धावत सुटते. विजेच्या एका झटक्यात तीस हजार अँपिअरपर्यंत प्रवाह जाणं नेहमीचं आहे. त्याचा अगदी बारीकसा वाटा तारेत उतरला तरी फोनमधल्या केसाएवढ्या बारीक तारेच्या गुंडाळीला तो पुष्कळ होतो.

त्या लाटेला अडवता येत नाही. ती ज्या दाबाने येते त्यापुढे रबर, कापूस, एबोनाइट यांतलं काहीच टिकत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी तिला वाट दिली. नेहमीच्या बोलण्याचा आणि घंटीचा दाब फार तर शंभर व्होल्टच्या आसपास. तो त्या फटीतून उडी मारू शकत नाही. लाट आली की दातांच्या टोकांवर विद्युतभार दाटतो, फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते आणि लाट मधल्या पट्टीतून जमिनीत जाते. झटका ओसरला की हवा पुन्हा हवा होते आणि फोन चालू राहतो. काही पेट्यांत पट्ट्यांच्या मध्ये एक गोल भोक आणि साखळीला बांधलेली पितळी खुंटीही असे. आभाळ गडगडायला लागलं की घरच्यांनी ती खुंटी भोकात बसवायची, म्हणजे लाईन थेट जमिनीला जोडली जाई. पाऊस थांबल्यावर खुंटी काढायला विसरलं तर फोन मुका.

एक्स्चेंजमध्ये हेच काम कोळशाच्या ठोकळ्यांनी केलं. लाईन बाहेरून येते ती एमडीएफवर, म्हणजे उंच लोखंडी चौकटीवर. तिथे प्रत्येक तारेसाठी कोळशाच्या दोन वड्या असत. त्यांच्यातली फट तीन मिल, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा हिस्सा. दाब पाचशे व्होल्टच्या आगेमागे गेला की ठिणगी. पितळेचे दात ठिणगीने वितळून बोथट होतात, तसा कोळसा वितळत नाही. पण त्याची भुकटी सुटते. जूनमधले दोन-चार वादळी दिवस गेले की एमडीएफवर तक्रारींची रांग लागायची. लाईनवर खरखर, किंवा लाईन अर्थ. फटीत भुकटी साचून तारेतला प्रवाह थोडा थोडा जमिनीत झिरपत असायचा. वड्या काढायच्या, मऊ ब्रशने झाडायच्या, जास्त खाल्लेली जोडी बदलायची. हात काळे व्हायचे. पुढे वायू भरलेल्या जीडी ट्यूब आल्या आणि हे काम संपलं. ट्यूब जास्त भरवशाची, यात वाद नाही. पण वडी उघडून बघितली की कोणत्या लाईनवर किती मार आला ते डोळ्यांना दिसायचं. ट्यूबमध्ये ते कळत नाही.

वडीच्या आतल्या बाजूला हीट कॉइल असे, आणि माझ्या मते सगळ्या बंदोबस्तातली सर्वांत हुशार वस्तू तीच. लाट मोठी आणि क्षणभराची असते, तिला अरेस्टर, म्हणजे ही ठिणगीची फट, बघून घेतो. पण एखाद्या ठिकाणी विजेच्या खांबावरची तार फोनच्या तारेला चिकटली आणि दाब फट ओलांडण्याइतका चढला नाही, तर अर्धा-पाऊण अँपिअर प्रवाह गुपचूप वाहत राहतो. ठिणगी नाही, आवाज नाही. आत मात्र रिले तापतो, इन्शुलेशन जळतं, आग लागू शकते. हीट कॉइलमध्ये एक बारीक खुंटी हलक्या वितळणाऱ्या डागाने अडकवलेली असते आणि भोवती तारेचे वेढे. प्रवाह काही मिनिटं चालू राहिला की वेढे तापतात, डाग सुटतो, स्प्रिंग खुंटी पुढे ढकलते आणि लाईन जमिनीला जाऊन मिळते. एक सांभाळते क्षणाला, दुसरी मिनिटांना. घरात याच्याही आधी फ्यूज असे.

हा गुपचूप प्रवाह विजेच्या खांबावरूनच येतो असं नाही. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर एक प्रखर उजेड बघितला, आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकत्वात जबरदस्त वादळ उठलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय जोराची जी घसरण नोंदली गेली, ती आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाचा पुरावा म्हणून काढून बघतात. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी त्या वादळात बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावर संदेश पाठवले. जमीन स्वतःच प्रवाह देत होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचे बेत ठरले, तेव्हा रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या प्रवाहाने कुलाब्याची उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्याचं काम झालं. ट्राम धावली १९०७ मध्ये. टेलिफोनचीही तीच अडचण. सुरुवातीच्या लाईनी एकाच तारेच्या, परतीची वाट जमिनीतून. शहरांत ट्राम आणि वीज आली तशी जमिनीतली कुरकुर कानात येऊ लागली, आणि म्हणून दोन तारांची जोडी रूढ झाली.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. पट्टी परत बसवली म्हणजे काम झालं असं नाही. पट्टीपासून जमिनीपर्यंतची तार, आणि ती जमीन, यांच्यावर सगळं अवलंबून असतं.

१८८८ साली इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजने लेडन जारच्या, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या बरणीच्या, झटक्याला दोन वाटा दिल्या. एक जाड तांब्याच्या तारेची, लांब वळशाची. दुसरी हवेतली फट. साधा हिशेब म्हणतो की झटका तांब्यातून जावा. तो फटीतून उडी मारून गेला. इतक्या घाईचा प्रवाह तारेच्या जाडीकडे पाहत नाही; त्याला लांबी आणि वळणं अडवतात. ब्रिटिश टपाल खात्याचे प्रीस हे मानायला तयार नव्हते, आणि त्याच वर्षी इंग्लंडात बाथ इथे भरलेल्या विज्ञानसभेत दोघांचा जाहीर वाद झाला. मी लॉजच्या बाजूचा आहे, कारण त्याचं म्हणणं मला रोज हाताखाली दिसतं. एक मीटर सरळ तार एका मायक्रोसेकंदात हजार अँपिअर चढताना सुमारे हजार व्होल्ट अडवून धरते. म्हणजे अरेस्टर पाचशेला फुटला, पण त्याची अर्थ वायर घरभर कोपरे घेत दहा मीटर गेली, तर फोनच्या टोकाशी दहा हजार व्होल्ट उभे राहतात. अरेस्टरने आपलं काम चोख केलेलं असतं आणि फोन तरीही जळतो. वायरमन मात्र तार भिंतीच्या कडेकडेने, काटकोनात, शोभेल अशी नेतो, उरलेली गुंडाळून खिळ्याला टांगतो. ती गुंडाळी मी बघताक्षणी कापायला लावतो.

आणि जमीन. आमच्याकडची काळी माती वैशाखात भेगाळते. पाणी खोल जातं, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातला ओलावा आटतो, अर्थचा रोध चढतो. रोहिणीच्या शेवटी आणि मृगाच्या तोंडाला पहिला कडकडाट होतो, नेमका तेव्हा अर्थ सर्वांत कमजोर असतो. म्हणून पिटाला पाणी घालायचं काम मे महिन्याचं आहे, पावसाळ्याचं नाही. ज्या जुन्या लाईनमनने मला हे शिकवलं तो मराठी-गुजराती मिसळून बोलायचा आणि दर उन्हाळ्यात दोन बादल्या घेऊन फिरायचा. मीठ पावसात वाहून जातं, पाईप गंजवतं, म्हणून दोन-तीन वर्षांनी खड्डा उघडून बघावाच लागतो. याची फारशी कुणाला आवड नसते. पिट जमिनीखाली, वर झाकण, झाकणावर कुंडी.

एका घरातली गोष्ट सांगतो. दिवाणखान्यात आजोबांचा बॅकेलाइटचा काळा फोन आणि आतल्या खोलीत नवा कॉर्डलेस, दोन्ही एकाच लाईनवर. पहिल्याच पावसात कॉर्डलेस जळाला, काळ्या फोनला काही झालं नाही. घरातल्या वहिनींनी मला बोलावलं.

“काका, जुन्या वस्तू मजबूत असतात म्हणतात, ते खरं दिसतं.”

“मजबूत आहेच, वहिनी. पण त्याला एकाच बाजूने तार येते. या नव्याला दोन बाजूंनी.”

काळ्या फोनमध्ये फक्त लाईन येते. लाट आली की सबंध फोन दाबाने एकदम वर चढतो, एकदम खाली उतरतो, आणि त्याच्या आत कुठे फरक पडत नाही. कॉर्डलेसला एकीकडे फोनची लाईन आणि दुसरीकडे अडॅप्टरमधून घराची वीज. फोनची अर्थ अंगणात, विजेची अर्थ मागच्या दारी, दोन्ही वेगळ्या. लाटेच्या क्षणी त्या दोन जमिनींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडला, आणि तो फरक मिटवण्याची एकच वाट होती, अडॅप्टर ते लाईन, मधल्या चिपमधून. मी त्या घरात दोन्ही अर्थ एका जाड पट्टीने जोडायला सांगितल्या आणि अरेस्टर जिथे तार घरात शिरते तिथेच, विजेच्या मीटरशेजारी आणून बसवला. फोन सांभाळायचा तर त्याला जमिनीपासून तोडून चालत नाही. त्याच्याशी जोडलेलं सगळं एकत्र वर चढलं आणि एकत्र खाली उतरलं पाहिजे.

आता तांब्याच्या लाईनी झपाट्याने निघताहेत. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं हा विषय मिटला. घरातल्या पेटीचा अडॅप्टर विजेच्या प्लगमध्येच असतो, आणि तिच्यापासून संगणकापर्यंत गेलेली तार तांब्याचीच असते. विषय तिथून पुन्हा सुरू होतो.

सध्या माझ्या टेबलावर बाबाजीपुऱ्यातून आलेला एक मॅग्नेटो, म्हणजे हँडल फिरवायचा फोन, आहे. सागवानी पेटी, दोन घंटा, आतलं जनरेटर अजून जोरात चालतं. माथ्यावर भोकं बुजवलेली. ज्या ताईंनी आणला त्यांना तो फक्त भिंतीवर शोभेला हवा आहे. तरी त्यांना म्हटलं, पट्ट्या बसवू द्या, तुमच्याकडून त्याचे पैसे घेत नाही. त्यांनी कारण विचारलं, मी वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, आणि त्या शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.

पट्टीसाठी दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा घेतलाय. कडा आधी सरळ घासून घ्यायची, मग तीनधारी कानशीने एकेक दात. तिन्ही पट्ट्यांचे दात सारख्या अंतरावर पडले पाहिजेत, नाहीतर टोक टोकासमोर येत नाही आणि ठिणगी मनाला येईल तिथे पडते. दोन पट्ट्या झाल्या आहेत. मधलीचे दात अर्ध्या अंतराने सरकले, ती उद्या नव्याने कापायची आहे.