जुनी चाल आणि नवे गळे

गेल्या वर्षी चिरंजीवांच्या आग्रहास्तव मी व आमचे कुटुंब तीन महिने अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरालगतच्या मेरीलँड प्रांतात राहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा मानस नाही. ती वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. तेथे एका सायंकाळी जे ऐकले, त्याने माझीच एक चूक माझ्यापुढे उभी केली. तेवढीच सांगतो.

चिरंजीवांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. दर गुरुवारी त्यांच्या परसात दहाबारा माणसे वाद्ये घेऊन जमतात. "नाना, तुम्हांला आपल्या भजनाची आठवण होईल," असे म्हणून मुलाने मला तेथे नेले. त्या संगीताचे नाव ब्लूग्रास. बँजो, मँडोलिन, गिटार, फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, आणि माणसाहून उंच असा उभा बास, एवढी वाद्ये. ढोल नाही, विजेची जोड नाही. ठेका मँडोलिनच्या तुटक आघातांवरच राखला जातो. मंडळी वर्तुळाकार बसतात. ज्याची पाळी असेल त्याने गीत सुचवावे व पट्टी सांगावी. मग एकेकाने ती चाल आपल्या परीने वाजवावी आणि इतरांनी तेवढा वेळ हात आवरून साथ करावी. गीत संपवायचे झाले की म्होरक्या पाय उचलतो. लिहिलेला नियम एकही नव्हता, आणि नियम मोडणाराही कोणी दिसला नाही.

मला वाटले, ही परंपरा दोनतीनशे वर्षांची असावी. मुलाच्या मध्यस्थीने त्या गृहस्थांनी सांगितलेली हकीकत निराळीच निघाली. केंटकी प्रांतातील बिल मन्रो हा आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या मेळ्यासह १९३९ पासून 'ग्रँड ओल ऑप्री' या नभोवाणीवरील कार्यक्रमात गाऊ लागला. १९४५ च्या अखेरीस तीन बोटांनी बँजो वाजवणारा अर्ल स्क्रग्ज हा तरुण त्याला मिळाला, आणि तेव्हा या संगीतास आजचे रूप आले. म्हणजे ही 'प्राचीन' परंपरा अवघ्या ऐंशीच्या घरातली! तिचे साहित्यही ठिकठिकाणचे. फिडलची चाल स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वसाहतकऱ्यांची, मँडोलिन मूळचे इटलीचे, आणि बँजोचा पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा.

डोंगराळ ॲपलाचिया भागातील माणसे पोटासाठी वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडे आली, तेव्हा गाणीही बरोबर आली. शहरात त्यांना नवे गायक भेटले. १९५७ साली 'कंट्री जंटलमेन' आणि १९७१ साली 'सेल्डम सीन', म्हणजे 'क्वचित दिसणारे', हे मेळे येथेच निघाले. दुसऱ्या मेळ्यात एक डॉक्टर, एक गणिती व एक नकाशे काढणारा होता. आपापल्या नोकऱ्या सांभाळून ही मंडळी आठवड्यातून एकदा बेथेस्डा गावच्या एका उपाहारगृहात गात. नव्या शहरी कवींची गाणी त्यांनी जुन्या वाद्यांवर बसवली. "त्या वेळी नाक मुरडणाऱ्यांत मी पहिला होतो," गृहस्थ हसून म्हणाले, "आज आमची मुले त्यांनाच जुने म्हणतात."

इतक्यात एका सोळासतरा वर्षांच्या मुलीची पाळी आली. तिने अगदी अलीकडचे एक गीत सुचवले. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी उमटली. ती आठी माझ्या परिचयाची होती. परंतु त्याने विचारले एवढेच, की पट्टी कोणती? आणि बँजो हळू करून तो मुलीच्या मागे चालू लागला. पुढे त्याची पाळी आली, तेव्हा त्याने मन्रोच्या काळचे गीत काढले. ते त्या मुलीने सुरासूर बिनचूक वाजवले.

घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

आमच्या गावी एकादशीचे भजन माझ्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा नातू गिटार घेऊन देवळात आला. एका अभंगास त्याने नवी चाल लावली होती. मी ती ऐकूनही घेतली नाही. "हे देऊळ आहे, तमाशाचा फड नव्हे," असे चारचौघांत बोललो. आणि बोललो कोठे बसून? पेटीपुढे! जी परदेशातून आली, जी १९४० साली नभोवाणीने साथीतून हद्दपार केली व सुमारे तीस वर्षे दाराबाहेर ठेवली, त्याच पेटीपुढे बसून मी परंपरेचा कैवार घेतला. जुने तेवढे चांगले नव्हे व नवे तेवढे वाईट नव्हे, हा कालिदासाचा विचार मी वर्गात वर्षानुवर्षे मुलांना शिकवला. माझ्या स्वतःच्या शिकवणीतून मात्र तो सुटला. मुलगा परत आला नाही. त्याच्यामागून त्याचे सोबतीही गेले. आज आम्ही पाच वृद्ध उरलो आहोत; मृदंगाला हात नाही म्हणून टाळांवरच भागवतो.

सरसकट सारे नवे उत्तम, असे मी म्हणत नाही. त्या परसातही ढोलास मज्जाव होताच. तथापि कोणास बसू द्यावे आणि काय वाजवू द्यावे, हे दोन प्रश्न निराळे आहेत. मी दुसऱ्याचे उत्तर पहिल्यास देऊन बसलो.

परतल्यावर त्या मुलास पुण्याला पत्र लिहिले. "तू गिटार घेऊन ये. आधी रूपाच्या अभंगाची आपली जुनी चाल माझ्याकडून घे. मग तुझी मला शिकव. तेव्हा बोललो ते माझे चुकले." आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "बघतो, आजोबा," एवढेच म्हणाला.

येत्या एकादशीस मृदंगाशेजारी एक आसन अधिक घालण्यास मी पुजाऱ्यास सांगून ठेवले आहे.