समाचाराला कुणी येत नाही

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही छोटीशी कादंबरी २००६ साली आली. भाचीनं दिली म्हणून मी ती वाचायला घेतली आणि दोन बैठकीत संपवली. नंतर मात्र बरेच दिवस ती मनातून जाईना.

गोष्ट पुण्यातल्या जोशी कुटुंबाची. घरात वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट राहायला येतो. चित्रं काढणारा, आईवडील नसलेला, आपल्याच मर्जीनं जगणारा. या घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, आणि काही महिन्यांनी तो तिलाही सोडून जातो. त्याचं नाव लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

पुस्तकाचे भाग दोन. पहिल्यात तनय त्या गेलेल्या माणसाशीच बोलतो, 'तू' म्हणून. दुसरा भाग अनुजाच्या रोजनिशीचा. तेच घर, तेच दिवस, पण दोघांच्या आठवणी वेगळ्या. त्या दोन्ही एकत्र वाचायला मिळतात फक्त आपल्याला.

मला सगळ्यात लागलं ते हे, की अनुजाचं दुःख घराला दिसतं. घर तिच्यावर चिडतं, लोकांपासून लपवतं, तिला सावरायलाही धडपडतं. तनयनंही तेच माणूस गमावलंय, पण त्याला कोण काय विचारणार? त्याचं काही गेलंय हेच कुणाला ठाऊक नाही. ज्या नात्याला घरात नाव नाही, त्याच्या शोकालाही जागा नाही.

माझा भाऊ गेला तेव्हा येणारी माणसं वहिनीजवळ बसत, आईजवळ बसत. ते बरोबरच होतं. मी चहाचे कप विसळत असायची. मला सगळे एकच विचारत, "वहिनी जेवतेय ना नीट?" लग्न झालेल्या बहिणीचं सुतकही कमी दिवसांचं. पण ज्याच्याबरोबर एका पाटीवर अक्षरं गिरवली, तो माझाही गेला होता की! मला निदान सर्वांदेखत रडता आलं असतं. तनयला तेवढीही मुभा नव्हती.

कुंडलकरांनी हे अगदी तरुण वयात लिहिलं. कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ला, म्हणजे पुस्तकानंतर बारा वर्षांनी. पुस्तक मात्र कुठे घोषणा देत नाही. तनय फक्त आठवत राहतो: खोली, रंग, त्याच्या सवयी. जेरी पिंटो यांनी इंग्रजी अनुवाद केला (२०१३), आणि २०२२मध्ये स्वतः लेखकानंच दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. त्यात गोष्ट केरळात नेली आहे. तरी आधी मराठी पुस्तकच वाचावं असं मी सांगेन.

आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी समाचाराला गेलात, तर स्वयंपाकघरात कोण आहे तेही जरा बघून या.