काढणाऱ्याचा वाटा

किहीमला राहून फोटोवर पोट भरायचं तर मिळेल ते काम घ्यावं लागतं. मोसमात लग्नं आणि हळदी, दिवाळीनंतर बंगलेवाल्यांची कामं, सुरूच्या बनात फोटो काढून घ्यायला आलेली मुंबई-पुण्याची जोडपी. यातून वेळ उरला की बातमीचे फोटो, आणि माझा जीव खरा त्यांत. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात हे काम करणारे आम्ही मोजकेच. कुठे काही घडलं की आमच्यातला जवळचा जो असेल तो मोटरसायकल काढतो. पगार कुणालाच नाही. फोटो छापला तर मानधन, तेही दोन-तीनदा आठवण करून दिल्यावर. खाली नाव येईलच याची खात्री नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. जमिनीवर ते टेकलं दक्षिणेला श्रीवर्धनच्या बाजूला, पण अलिबाग तालुक्यालाही त्याने सोडलं नाही. दुपारभर आम्ही दारं लावून घरात बसलो होतो, आणि वाडीत पोफळी मोडल्याचे आवाज एकामागून एक येत होते. वारा पडल्यावर कॅमेरा पिशवीत गुंडाळून बाहेर पडलो. रस्त्यावर विजेचे खांब आडवे, तारा चिखलात, कौलांचा नुसता खच. आमच्या आळीतल्या एका काकींच्या घराचं अर्धं छप्पर उडालं होतं. काकींनी अंगणात उभ्या राहिलेल्या दोन माडांना दोरी बांधली होती आणि तिच्यावर त्या कपड्यांच्या चिमट्यांनी कागद वाळत घालत होत्या. सातबारा, रेशनकार्ड, वारलेल्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलीची दहावीची गुणपत्रिका. शाई उतरून निळे ओघळ आले होते. एक कागद फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी पेलून त्या उभ्या होत्या. मी विचारलं, "काकी, काढू का?" मान हलवली त्यांनी. वादळाचे मी खूप फोटो काढले, पण घर, जमीन आणि माणूस एका दोरीवर आले ते याच फोटोत.

तो एका दैनिकात छापून आला, नाव न घालता. त्याचं मला फारसं वाटलं नाही, सवय होती. पुढे काही महिन्यांनी नाक्यावर एक फ्लेक्स लागला. वादळग्रस्तांना मदत पोहोचवल्याबद्दल कुणाचं तरी अभिनंदन होतं, आणि कोपऱ्यात काकींचा चेहरा. दोरी नाही, कागद नाहीत. चेहरा तेवढा कापून घेतलेला, तोही थोडा उजळ केलेला. संध्याकाळी काकी घरी आल्या. ओटीवरही बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या फोटोखाली मदत मिळाली असं लिहिलंय म्हणे. मला तर अजून काही मिळालेलं नाही. तू दिलास काय रे तो फोटो?"

मी दिला नव्हता. पण तो कुठून गेला, कुणी दिला, आणि आता काढून घ्यायला सांगायचं तर कोणत्या अधिकाराने, यातलं काहीच मला काकींना सांगता येईना. दैनिकात फोन केले. उत्तर मिळालं की फोटो पाठवलात म्हणजे दिलात.

हे खरं नाही, हे मला अलिबागच्या एका वकिलांनी कायदा उघडून दाखवलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम. वर्तमानपत्राच्या पगारी नोकराने नोकरीत काढलेल्या फोटोवर मालकाचा पहिला हक्क असतो, पण तो वर्तमानपत्र-मासिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतींत फोटो काढणाऱ्याचाच. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तिथे ते देणाऱ्याचे. म्हणजे माझे लग्नाचे फोटो त्या त्या घरांचे, आणि ते रास्तच आहे. पण वादळातला फोटो मला कुणी काढायला सांगितला नव्हता, कुणी त्याचे आगाऊ पैसेही दिले नव्हते. तो पूर्ण माझा होता. कायदा माझ्या बाजूने होता, मात्र एकटा फोटोग्राफर तो घेऊन जाणार कुणाच्या दारात? ज्याच्याशी भांडायचं त्याच्याकडेच उद्याचा फोटो पाठवायचा असतो.

त्यानंतर मी मॅग्नम या फोटोग्राफरांच्या सहकारी संस्थेबद्दल मिळेल ते वाचून काढलं. नाव अर्थातच माहीत होतं. रघू राय तिथले, आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं नाव सुचवलं होतं, एवढं प्रत्येक फोटोवाला सांगतो. पण ती संस्था कशावर उभी आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर, डेव्हिड सिमूर आणि विल्यम व्हँडिव्हर्ट यांनी ती १९४७ मध्ये काढली. युद्ध नुकतंच संपलेलं, चित्रमासिकांचा जोर होता आणि काढलेल्या फोटोंचे हक्क बहुतेक ती मासिकंच ठेवून घेत. या मंडळींनी प्रत्येकी ४०० डॉलर घातले आणि ठरवलं की हक्क फोटोग्राफरचे, कचेरी फोटोग्राफरांची, आणि तिथले नोकर फोटोग्राफरांसाठी काम करणार. जगाचे भागही वाटून घेतले. भारत आणि पूर्वेकडचा आशिया कार्तिए-ब्रेसाँकडे आला, म्हणून ते त्याच वर्षी इकडे पोहोचले. ३० जानेवारी १९४८ ला ते गांधीजींना भेटले आणि त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. दिल्लीच्या त्या गर्दीचे, अंत्ययात्रेचे फोटो आपण शाळेपासून पाहत आलो. ते फोटो एका मासिकाच्या कपाटात बंद राहिले नाहीत, काढणाऱ्याच्या हातात राहिले, यामागे ते ४०० डॉलर आहेत.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती ओळींची आणि चौकटीची गोष्ट. फोटो कापू नये, असा शिक्का कार्तिए-ब्रेसाँ यांच्या प्रिंटच्या पाठीवर असे. सोबतच्या ओळींचा अर्थ बदलू नये, असा मॅग्नमचाही आग्रह होता. नाक्यावरचा फ्लेक्स आठवून मी ते परत परत वाचलं. काकींचे कागद कापले गेले आणि खालच्या ओळी बदलल्या, तिथेच खोटं तयार झालं. फोटोचा मालक कोण, हा पैशांचा प्रश्न आहेच. पण ज्याचा चेहरा फोटोत आहे तो माणूस दारात येऊन विचारतो तेव्हा त्याला उत्तर कोण देणार, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

मग पट्ट्यातले आम्ही सगळे फोटोवाले माझ्या वाडीत जमलो. सहकार आपल्याला नवा नाही. ऊस, दूध, मासळी, पतपेढी, सगळ्यांच्या संस्था आपल्याकडे आहेत, मग फोटोची का नसावी? सहकार खात्याच्या कचेरीत चौकशी केली तेव्हा कळलं, १९६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला निदान दहा माणसं लागतात, आणि ती दहाही वेगवेगळ्या कुटुंबांतली. भाऊ-वहिनी घालून आकडा भरता येत नाही. मला ही अट आवडली. मात्र बातमीचे फोटो काढणारी दहा घरं आमच्या पट्ट्यात नव्हती. म्हणून नोंदणी बाजूला ठेवली आणि एका वहीवर काम सुरू केलं.

पहिलं भांडण वाटणीवरून झालं. ज्याचा फोटो छापून आला त्याला सगळे पैसे, असं दोघांचं म्हणणं. मग जो दिवसभर बसून फोटोंच्या तारखा, गावं, नावं लिहितो, हार्ड डिस्कच्या दोन प्रती ठेवतो, थकलेल्या पैशांसाठी फोन करतो, त्याचं काय? रात्र झाली तरी मिटेना. थळचे एक नाखवा आमच्यातल्या एकाचे मामा. मच्छीमार सोसायटीत बरीच वर्षं हिशेब पाहिलेला, डिझेल परताव्याचे अर्ज लिहून हात दुखलेला माणूस. ते ऐकत होते. म्हणाले, होडीवर माणसांचा वाटा असतो तसा होडीचा असतो, जाळ्याचा असतो, तांडेलाचा खलाशापेक्षा थोडा जास्त असतो. जाळं शिवायला पैसे नाही ठेवलेत तर पुढच्या हंगामात कशाने मारणार? तेवढ्याने तिढा सुटला. आता प्रत्येक बिलातून आधी सामाईक वाटा निघतो, त्यातून हार्ड डिस्क, नोंदी करणाऱ्याची मजुरी आणि लागलीच तर वकिलांची फी. उरलेलं काढणाऱ्याचं. पुढे वाचनात आलं की मॅग्नमची पहिली अध्यक्ष रीटा व्हँडिव्हर्ट आणि पॅरिसची कचेरी सांभाळणारी मारिया आइझनर, दोघींचं तिथलं काम कचेरीचंच होतं. म्हणजे कचेरीचं मोल त्यांनीही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

फोटो पाठवताना आता सोबत एक पत्र जातं. हा फोटो या तारखेच्या बातमीपुरता दिला आहे, नाव छापावं, कापू नये, ओळी बदलायच्या तर विचारावं, दुसरीकडे द्यायचा तर आमची लेखी परवानगी घ्यावी. पहिल्यांदा पत्र गेलं तेव्हा दोन ठिकाणची कामं बंद झाली, आणि त्या काळात सामाईक वाट्यातूनच एकाच्या घरचा किराणा भरला. एकट्याने ते पत्र पाठवायची कुणाची छाती झाली नसती. काही जण आता सही करून परत पाठवतात. तो फ्लेक्स पावसाने फाटेपर्यंत तसाच होता. पण काकींचा पूर्ण फोटो, दोरीसकट आणि कागदांसकट, त्यांनी स्वतः सांगितलेल्या ओळींसह आमच्या नोंदीत आहे. कुणी मागितला तर आधी त्यांना विचारतो. दोनदा त्या नाही म्हणाल्या आणि आम्ही दिला नाही.

सध्या वाद चालू आहे तो नव्या सभासदाचा. थळच्या बाजारात आईबरोबर बसणारी एक मुलगी मोबाइलवर फोटो काढते. पहाटे मासळीचा लिलाव, बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या बायका, पाट्या उचलताना वाकलेल्या पाठी. आम्ही कुणीच इतक्या जवळून ते काढू शकलो नाही, कारण आम्ही तिथे पाहुणे असतो. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, मोबाइलवाल्यांना घेतलं तर कॅमेऱ्यावर कर्ज काढलेल्या आम्ही कुठे जायचं? त्याची काळजी खोटी नाही, हप्ते त्याचेही चालू आहेत. मी त्याला होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या बाईचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, आणि पुढे देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं. तो म्हणाला, "ते सगळं खरं भाऊ, पण तिच्याकडे कॅमेरा होता." मग मुलीने आपले फोटो प्रिंट करून आणले. ते टेबलावर मांडले तेव्हा बराच वेळ तोच एकेक हातात घेऊन बघत होता.

मॅग्नममध्ये नवा माणूस घ्यायचा तर सभासद त्याचं काम पाहून मतं देतात, आणि पूर्ण सभासद व्हायला काही वर्षं जातात. आम्ही एवढं लांबवणार नाही. येत्या बैठकीत मत होईल, प्रत्येकाचं एकच, मग कुणाकडे कोणताही कॅमेरा असो. ती आली तर वेगळ्या कुटुंबातलं आणखी एक नाव वहीत चढेल, आणि मुरूडकडच्या दोघांशी बोलणं चालू आहे. दहा घरं झाली की पहिलं काम अलिबागला जाऊन अर्ज भरायचा.